एका खोडाचा एकत्र संसार

सफरचंद म्हटले की मराठी माणसाला आधी दवाखाना आठवतो. आजाऱ्याला भेटायला जाताना कागदी पिशवीतून न्यायचे ते फळ. ज्याला दिले त्याला ते नको असते, म्हणून पेशंटच्या उशाशी बसलेले नातेवाईकच कापून खातात. आंब्याची गोष्ट वेगळी. आंब्याला आपल्याकडे गाव आहे, कूळ आहे, हंगाम आहे. हापूस देवगडचा सरस की रत्नागिरीचा, या वादात दोन सख्खे भाऊ दुपारभर बोलायचे थांबू शकतात. सफरचंदाला असे कुणी विचारत नाही. लाल की हिरवे, काश्मीरचे की सिमल्याचे, एवढ्यावर आपली चौकशी संपते.

मी १९८७ साली इंग्लंडात आलो आणि नॉटिंगहॅमच्या कडेला एका लहानशा घरात संसार थाटला, तेव्हा माझी समजूत याहून वेगळी नव्हती. इथे आल्यावर कळले, की कोकणात जे आंब्याचे, तेच इंग्लंडात सफरचंदाचे. ऑगस्टमध्ये येणारे 'डिस्कव्हरी' झाडावरून काढून तिथल्या तिथे खावे, आठवडाभर ठेवले तर ते पिठूळ होते. सप्टेंबरचे 'जेम्स ग्रीव्ह' रसाळ आणि आंबूस. ऑक्टोबरात 'कॉक्स' येते. ते काढून महिनाभर ठेवले की त्याला खरा सुगंध येतो. खाण्याची सफरचंदे निराळी, शिजवण्याची निराळी, सायडरची तर त्याहून निराळी. केंट परगण्यात फॅव्हरशॅमजवळ ब्रॉग्डेल येथे देशाचा राष्ट्रीय फळसंग्रह आहे. तिथे एकट्या सफरचंदाच्या दोन हजारांहून अधिक जाती लावलेल्या आहेत. दोन हजार! आपण मात्र 'लाल द्या दोन किलो' म्हणून मोकळे होतो.

इतक्या जाती आल्या कुठून, या प्रश्नाचे उत्तर सफरचंदाच्या स्वभावात आहे. सफरचंदाची बी आईबापांवर जात नाही. एका फळातल्या पाच बिया पेरल्या तर पाच तऱ्हेची झाडे उगवतील, आणि त्यांतले एकही आईसारखे नसेल. बहुतेकांची फळे बारीक, आंबट, तोंड वाकडे करायला लावणारी. शेकड्यांनी बिया रुजतात तेव्हा एखादे झाड असे निघते, की त्याचे फळ खाणारा क्षणभर थांबतो. कोकणात रायवळ आंब्याचे जे होते, तेच हे. कोय रुजली की काय निपजेल याचा नेम नाही.

माझ्या घरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर साउथवेल नावाचे गाव आहे. तिथे १८०९ साली मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने सफरचंदाच्या बिया पेरल्या. त्यांतल्या एका रोपाचे बागेत झाड झाले. पुढे १८४६ साली ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली नावाच्या खाटिकाने विकत घेतले. दहा वर्षांनी हेन्री मेरीवेदर या सतरा वर्षांच्या मुलाला त्या झाडाच्या फळाचे महत्त्व उमगले. त्याच्या घरचा रोपवाटिकेचा धंदा. त्याने कलमासाठी काड्या मागितल्या. ब्रॅम्लीने आनंदाने दिल्या, पण एका अटीवर: फळाला नाव माझे लागले पाहिजे. तसेच झाले. 'ब्रॅम्लीज् सीडलिंग' हे शिजवण्याचे सफरचंद आज या देशात घराघरांत आहे. बी पेरणारीचे नाव मात्र फळाला लागले नाही. लागले ते घर विकत घेणाऱ्याचे.

१९००च्या सुमारास ते मूळ झाड वादळात आडवे झाले. पडलेल्या फांदीने पुन्हा मुळे धरली आणि ते उठले. पुढे त्याला बुरशीने गाठले, तेव्हा नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी त्याच्या ऊती प्रयोगशाळेत वाढवून नवी रोपे तयार केली. खरे तर झाड मेले तरी ब्रॅम्ली मरणार नव्हती. कारण जगात ब्रॅम्लीचे जे जे झाड आहे, ते त्या एकाच झाडाच्या काडीची काडी, तिचीही काडी, असे आले आहे. ती त्या झाडाची मुले नव्हेत. ते तेच झाड आहे, हजारो परसांत विखुरलेले. कॉक्सही तसेच. रिचर्ड कॉक्स नावाच्या निवृत्त मद्यउत्पादकाने १८२५च्या सुमारास स्लाउजवळ एक बी रुजवली, ती आजवर मेलेली नाही. कलम करणारे हात जोवर आहेत, तोवर फळाला मरण नाही. हात थांबले की पन्नास-साठ वर्षांत संपते.

रत्नागिरीकडच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. आमच्याकडे हापूसच्या झाडाला झाड म्हणतच नाहीत. 'आमची पंचवीस कलमे आहेत' असेच म्हणतात. वडील भेट कलमे बांधत ते मी पाहिले आहे. रायवळीचे रोप कुंडीसकट उचलून हापूसच्या फांदीपाशी टांगायचे, दोघांची साल तासून एकमेकांना बांधायचे, आणि जीव जुळेपर्यंत वाट पाहायची. पुढे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कोय कलमाची पद्धत रूढ केली आणि हा टांगण्याचा खटाटोप गेला. पण खुंट एकाचा, फळ दुसऱ्याचे, हे तत्त्व तेच राहिले. ते डोळ्यांना सवयीचे होते म्हणून इथल्या रोपवाटिकेत मला जे दिसले, त्याचे मला नवल कमी आणि मोह जास्त वाटला.

तिथे एकाच खोडावर तीन जाती बांधलेले झाड विकायला होते. इंग्रजीत त्याला 'फॅमिली ट्री' म्हणतात. वंशावळीलाही हाच शब्द आहे. आमच्या परसाची लांबी दोन धोतरे वाळत घालता येतील एवढी. सफरचंदाचे बहुतेक झाड एकटे फळत नाही; त्याच वेळी फुलणाऱ्या दुसऱ्या जातीचा पराग त्याला लागतो. ब्रॅम्लीची कथा तर त्याहून निराळी. तिच्यात रंगसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, त्यामुळे ती पराग घेते, पण तिचा पराग दुसऱ्याच्या कामाचा नसतो. ब्रॅम्ली लावायची तर जोडीला एक नव्हे, दोन जाती हव्यात. नाही तर तिला पराग देणाऱ्यालाच कुणी देणारे उरत नाही. लहान परसात तीन झाडे लावायची कुठे? एका खोडावर तीन जाती असल्या की मधमाशीला फांदीवरून फांदीवर जाणे पुरे होते. शिवाय एकाच जातीची मणभर सफरचंदे एका आठवड्यात अंगावर येण्यापेक्षा ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत बेताबेताने येणे संसारी माणसाला परवडते.

२००९च्या नोव्हेंबरात, झाड निद्रिस्त असताना, उघड्या मुळांचे ते रोप मी आणून लावले. खुंट होता 'एम.एम. १०६'. हे नाव एखाद्या बसच्या नंबरासारखे वाटले, तरी त्यामागे मोठी कामगिरी आहे. केंटमधल्या ईस्ट मॉलिंगच्या संशोधन केंद्राने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सफरचंदाच्या खुंटांची वर्गवारी केली. कुठला खुंट झाडाला बुटके ठेवतो, कुठला ताडमाड वाढवतो, ते ठरवून त्यांना क्रमांक दिले. पुढे मर्टनच्या जॉन इनेस संस्थेच्या जोडीने, मुळांवर पडणाऱ्या लोकरी माव्याला दाद न देणारे खुंट तयार झाले. माझा त्यांतलाच एक. झाड किती उंच होईल आणि किती लवकर फळेल, हे मुळे ठरवतात. फळ कसे असेल, हे फांदी ठरवते. कारभार असा वाटून घेतलेला.

कलम करण्याची कृती फार अवघड नाही, पण वेळ चुकवून चालत नाही. जानेवारीत, झाड झोपलेले असताना, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या एका वर्षाच्या काड्या कापायच्या. ओल्या कागदात गुंडाळून, पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवायच्या. मात्र त्याच कप्प्यात सफरचंदे ठेवू नयेत. फळांतून निघणारा वायू कळ्यांना मारतो. मार्चअखेर झाडात रस चढू लागला की फांदी कापून तिला चीर द्यायची, काडी पाचरीसारखी दोन्ही बाजूंनी तासून तीत बसवायची. हे आपले पाचर कलम. साल आणि लाकूड यांच्यामध्ये कागदाइतका पातळ हिरवा थर असतो. सगळा जीव तिथे. काडीचा थर आणि फांदीचा थर निदान एका बाजूला तरी नेमके भिडले पाहिजेत. मग पट्टीने घट्ट बांधायचे, वरच्या टोकाला मेण लावायचे आणि महिनाभर हात लावायचा नाही. डोळा फुगून हिरवा झाला, की समजायचे, जमले.

'जमले' म्हणजे एक झाले, असे मात्र नव्हे. मंडळात कुणी ना कुणी भाषण करतो, की आपण परदेशी मातीवर झालेले कलम आहोत, दोन संस्कृती एकजीव झाल्या आहेत वगैरे. कलम एकजीव होत नसते. सांध्याच्या वरचे लाकूड कॉक्सचे असते नि कॉक्सचेच राहते, खालचे खुंटाचे असते नि खुंटाचेच राहते. शंभर वर्षांनी कापले तरी दोघांच्या पेशी वेगळ्या ओळखता येतील. वाटून घेतले जाते ते पाणी, मीठ आणि साखर. रस एक, स्वभाव आपापला.

आणि स्वभाव म्हटला की भांडण आलेच. अनेक जातींच्या झाडाची खरी अडचण कलम जमण्याची नाही, ती पुढची आहे. सगळ्या जाती सारख्या जोमाच्या नसतात. एखादी दांडगी असते. तिची पाने मोठी, ती ऊन जास्त खाते, म्हणून रस जास्त ओढते, म्हणून आणखी वाढते. शेजारची नाजूक फांदी तिच्या सावलीत जाते, आक्रसते, आणि एके वर्षी वाळून जाते. यात कुणी कुणाचा खून करत नाही. कुणी लक्ष दिले नाही, एवढेच होते. चार जाती लावलेले झाड आपल्या कलाने सोडले, तर काही वर्षांत ते बहुधा एकाच जातीचे उरते.

त्यावरचा उपाय साध्या समजुतीच्या उलटा आहे. दांडगी फांदी हिवाळ्यात छाटली तर ती चवताळते. मुळांत साठवलेले सगळे बळ उरलेल्या थोड्या डोळ्यांना मिळते आणि वसंतात चाबकासारखे फोक सुटतात. तिला आवरायचे तर छाटणी ऑगस्टमध्ये करायची, पाने भरात असताना. पाने गेली की कमाई गेली, जोर ओसरतो. दुबळी फांदी मात्र हिवाळ्यात छाटायची, म्हणजे ती जोमाने फुटते. दांडगीला दोरीने ओढून आडवी बांधायची. आडवी फांदी वाढते कमी, फळते जास्त. दुबळीला उभी राहू द्यायची. कलम करतानाच दुबळीला शेंड्याशी जागा द्यायची आणि दांडगीला तळाशी, कारण झाडाचा ओढा मुळात शेंड्याकडे असतो. थोडक्यात, एकच नियम सगळ्यांना लावला तर तो न्याय होत नाही.

आमच्या झाडावर आधी डिस्कव्हरी, जेम्स ग्रीव्ह आणि कॉक्स होत्या. २०१२ साली मी ब्रॅम्ली चढवली, ती बायकोच्या आग्रहावरून. ब्रॅम्लीचे फळ आंबट, कडक आणि हिरवे. इथल्या आमच्यासारख्या घरांत तीच कैरी आहे. तिचा मेथांबा होतो, टक्कू होतो, डाळीत किसून घातली की चैत्राची आठवण येते, फक्त कॅलेंडरात ऑक्टोबर असतो. ब्रॅम्लीचा दांडगेपणा ठाऊक असल्याने मी ती सर्वांत खालच्या फांदीवर बांधली. तिसऱ्या वर्षी पाच फळे आली, पुढे टोपल्या भरू लागल्या. दरवर्षी पहिल्या मेथांब्याची बाटली शेजारी जायची.

शेजारी एक आजी राहत. माझी मुले त्यांना 'ग्रॅनी' म्हणत, म्हणून आम्हीही. त्यांच्या परसात सफरचंदाचे एक जुने, पोखरलेले झाड होते. त्यांनी घर घेतले तेव्हाही ते म्हातारेच होते म्हणे. फळ चपटे, पिवळ्यावर मातकट रेघा असलेले. दिसायला काही नाही. पण नाताळनंतर, इतर सफरचंदे सुरकुतली की ते गोडीला येई आणि त्याला किंचित बडीशेपेचा वास येई. नाव विचारले तर त्या म्हणत, "नाव कशाला हवे? ते इथेच असते." २०१६च्या शेवटी त्या गेल्या. मुलांनी घर विकले. घेणाऱ्याला मागे खोली वाढवायची होती. त्याने सौजन्याने मला सांगितले, की झाड फेब्रुवारीत जाईल. जानेवारीत मी शिडी घेऊन गेलो आणि काड्या कापून आणल्या. म्हाताऱ्या झाडावर नवी वाढ फार नसते. मिळाल्या त्या सहा. फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी त्या दोन महिने होत्या. सहांपैकी दोन जगल्या, दोन्ही शेंड्याजवळच्या.

२०२० साली त्यांना पहिली फळे धरली. इंग्लंडात १९९० सालापासून २१ ऑक्टोबरच्या सुमारास 'अ‍ॅपल डे' साजरा होतो. जुन्या जातींची माहिती असणारी माणसे त्या दिवशी टेबल टाकून बसतात आणि लोक आपापल्या परसातली अनोळखी फळे ओळखायला आणतात. २०२१ साली मीही रांगेत उभा राहिलो. जाणकाराने फळ फिरवून पाहिले, देठाचा खळगा पाहिला, उभे कापून बियांची घरे पाहिली, चव घेतली आणि मान हलवली. मग पुढच्या उन्हाळ्यात मी पाने पाकिटात घालून जनुकीय तपासणीला पाठवली. राष्ट्रीय संग्रहातल्या जातींशी ताडून ते उत्तर देतात. शरदात उत्तर आले: जुळणारी जात नाही.

याचा अर्थ मोठा करून सांगण्याची गरज नाही. कदाचित कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी थुंकलेली बी रुजली असेल, एवढेच. पण त्या दिवसापासून मला शेंड्याकडच्या त्या दोन फांद्यांकडे बिनधास्त पाहता येईना. जुने झाड गेले होते. त्या जातीचे या जगात, माझ्या माहितीत तरी, हाताच्या अंगठ्याएवढ्या जाडीचे दोन सांधे उरले होते. आणि खालून ब्रॅम्ली दरसाल हातभर वर येत होती.

घरात प्रश्न सरळ होता. ब्रॅम्ली ही आमची कैरी. वर्षभराचा मेथांबा तिच्यावर. ती ऑगस्टमध्ये कडक छाटायची म्हणजे टोपलीला कात्री लावायची. कारण ब्रॅम्ली पुष्कळशी फळे काड्यांच्या टोकांना धरते. मी कात्री घेऊन बाहेर उभा होतो. बायको म्हणाली, "ब्रॅम्ली दुकानात मिळते. ही मिळेल का?" यावर पुढे चर्चा झाली नाही. त्या वर्षी ब्रॅम्लीच्या दोन मोठ्या फांद्या गेल्या, उरलेल्या आडव्या बांधल्या. तेव्हापासून ही छाटणी दरवर्षी करावी लागते. एकदा करून भागत नाही. मेथांबा करायला ब्रॅम्ली आम्ही आता बाजारातून आणतो, आणि तो थोडा कमीच आंबट होतो.

एका खोडावर सगळे ठेवण्यात आणखी एक धोका आहे. खोडाला रोग लागला तर पाचही जाती एकदम जातील. म्हणून दर जानेवारीत मी शेंड्याच्या काड्या कापून वाटतो. मार्चमध्ये गावोगावच्या बागवाल्यांचे काड्या-वाटपाचे मेळावे भरतात, तिथे त्या नेऊन देतो. त्या एव्हाना सात परसांत जगल्या आहेत. एकाच जागी जपलेली वस्तू ही जपलेली नसते, हे मी या झाडाकडून शिकलो.

हे काही सफरचंदापुरते नाही. लखनौजवळ मलिहाबादला कलीमुल्ला खान यांनी एकाच आंब्यावर तीनशेहून अधिक जातींची कलमे केली आहेत. २००८ साली त्यांना 'पद्मश्री' मिळाली. त्याच वर्षी अमेरिकेत सॅम व्हॅन एकेन या कलावंताने, बंद पडू घातलेल्या एका फळबागेतल्या जाती वाचवण्यासाठी, एकेका झाडावर चाळीस तऱ्हेची आलुबुखार, जर्दाळूसारखी फळे चढवायला सुरुवात केली. महाराष्ट्रात सफरचंदाच्या मागे लागायचे कारण नाही. हिमाचलातल्या हरिमन शर्मांची 'एचआरएमएन-९९' ही जात उष्ण हवेतही फळते आणि काही शेतकऱ्यांनी ती आपल्याकडे लावलीही आहे. पण परसात एक रायवळ आंबा असेल तर पुरे. पावसाळ्याच्या तोंडी त्याच्या कोवळ्या फुटीवर मृदूकाष्ठ कलम करून एका फांदीवर पायरी, दुसरीवर केसर बांधता येते. त्याआधी एक मात्र करा. गावात असे एखादे झाड असेल, ज्याचे फळ फक्त तुमच्या आळीला ठाऊक आहे, बिटकी म्हणा, शेपू म्हणा, 'काकूंचा आंबा' म्हणा, त्याच्या काड्या आधी आणा. केसर कुठेही मिळेल.

नाव सापडत नाही तेव्हा ते ठेवण्याचा मान ज्याने जात वाचवली त्याला मिळतो, असा इथला रिवाज आहे. मेळाव्यात मला तसे विचारले गेले. साउथवेलच्या खाटिकाची अट मला आठवली आणि मी माझे नाव दिले नाही. आजींचे द्यावे, तर झाड त्यांनीही लावलेले नव्हते. आमच्या झाडाला प्रत्येक फांदीवर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आहे, खिळ्याने कोरलेली, कारण छाटणीत गफलत झाली तर अख्खी जात जाते. शेंड्याच्या पट्टीवर मी देवनागरीत कोरले आहे: 'शेजारची'. सात परसांतली माणसे ते रोमन अक्षरांत लिहितात आणि सात तऱ्हांनी उच्चारतात.